पहिला रकाना

कोल्हापुरात माणसे फक्त मिसळ कुठली चांगली यावरून भांडतात, असा माझा समज होता. पुतणीची दहावी झाली आणि तो मोडला.

२०२५ साली अकरावीचा प्रवेश साऱ्या महाराष्ट्रात ऑनलाइन झाला. कमीत कमी एक, जास्तीत जास्त दहा कॉलेजे लिहायची. आमच्या दादांच्या मते दहा म्हणजे दहाच. "शंभर रुपये भरलेत, एकाच नावावर उठायचं व्हय?" पंगतीत ताट रिकामे ठेवू नये, तसा त्यांना रकानाही रिकामा बघवत नाही. राजाराम, विवेकानंद, न्यू, गोखले इथपर्यंत गाडी जोरात गेली. मग गल्लीतला जो येईल तो एकेक नाव सुचवून, चहा पिऊन जाऊ लागला. वडिलांच्या वेळी एवढा घोळ नव्हता. १८८० सालचे राजाराम, नाही तर घरची शेती!

खरी मेख वेगळीच. पहिल्या पसंतीचे कॉलेज मिळाले की ते घ्यावेच लागते. नाही तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाद. म्हणजे खालची नऊ नावे नुसती सोबतीला. दादांनी दहाही ठिकाणी सायन्स लिहिले होते. पुतणीला हवा होता इतिहास, आणि तिचे मार्क बघता आर्ट्‌सला पहिल्याच फेरीत नंबर लागणार होता.

"बाबा, खालचे नऊ तुमचे. पहिला माझा."

वहिनींच्या हातातली लाटी तशीच राहिली. दादा बराच वेळ पंख्याकडे बघत बसले. मग म्हणाले, "तिकडं केएमटी कितीची हाय बघ."