मोनोरेलच्या ४ फेऱ्या

दादा टॅम्पाला असतो. गेल्या वर्षी त्याच्याकडे गेलो तेव्हा सगळे मिळून ऑर्लँडोला डिस्नी वर्ल्ड बघायला गेलो. सोबत माझा ९ वर्षांचा पुतण्या. त्याला ऑटिझम आहे आणि सीलियाकही, म्हणजे गव्हाचा कणही चालत नाही. (ग्लुटेन सोडलं की ऑटिझम बरा होतो असं नेटवर ढिगाने वाचायला मिळतं. त्याला ठोस पुरावा नाही. आमचं पथ्य सीलियाकचं!)

मी पडलो इंजिनियर, एक्सेल शीट तयारच होती. तिथे बाहेरचं खाणं नेऊ देतात, म्हणून वहिनीने पहाटे उठून तांदळाच्या भाकऱ्या थापल्या. २०१३ पासून तिथे अशा मुलांसाठी एक सोय आहे. ती नोंदवली की राइडची वेळ मिळते. थांबावं लागतंच, पण रांगेत नाही. सगळं कसं व्यवस्थित!

११ वाजता ढोल-बिगुल सुरू झाले आणि स्वारी कानांवर हात ठेवून जमिनीवर आडवी. लोक वळून बघायला लागले. आम्ही गाशा गुंडाळला.

परतताना मोनोरेलमध्ये बसलो. दारं बंद होण्याआधी तिथे इंग्लिश आणि स्पॅनिशमध्ये सूचना होते. घरी पाणीसुद्धा बोट दाखवून मागणारा हा मुलगा दुसऱ्या फेरीला ती स्पॅनिश सूचना घडाघडा म्हणाला! मग आणखी २ फेऱ्या.

"मोनोरेल फुकट असते रे. तिकिटाचे पैसे पाण्यात," दादा म्हणाला.

"जाऊ देत," वहिनी म्हणाली. ती भाकरीचा तुकडा हातात धरून नुसती ऐकत होती.