मुठीएवढी युद्धनौका

जपानला जाऊन आलं की लोक बुलेट ट्रेन, फुजी पर्वत आणि साकुराबद्दल विचारतात. मी मात्र आज आकिहाबारा आणि कुरे या दोन ठिकाणांबद्दल सांगणार आहे, आणि त्या दोघांना जोडणाऱ्या दहा सेंटिमीटरच्या एका बाहुलीबद्दल. आपल्या मंडळातली जी मुलं ॲनिमे बघतात त्यांना आकिहाबारा ठाऊक असेल. कुरे मात्र फारसं कुणाला ठाऊक नसतं. खरं तर आपल्या बेळगावचा त्या गावाशी थेट धागा आहे.

कामासाठी टोकियोला जायचं ठरलं तेव्हा नववीतल्या भाच्याने एकच मागणी केली. "मामा, मला हिबिकी आण. दुसरी कुठली नको."

हिबिकी म्हणजे काय हे आधी सांगतो. एप्रिल २०१३ मध्ये जपानमध्ये 'कान्ताई कलेक्शन' नावाचा ऑनलाइन खेळ सुरू झाला. चाहते त्याला लाडाने 'कानकोले' म्हणतात. त्यातली प्रत्येक मुलगी म्हणजे दुसऱ्या महायुद्धातली एक युद्धनौका आहे. तोफा, टॉर्पेडो, धुरांडं असा जहाजाचा सगळा सरंजाम तिच्या पाठीवर आणि हातांवर चढवलेला असतो. गंमत अशी की स्वभावही जहाजाच्या इतिहासातून घेतलेला असतो. 'कोंगो' ही युद्धनौका इंग्लंडमधल्या बॅरो गावात विकर्स कंपनीने बांधली होती, म्हणून खेळातली कोंगो इंग्रजी मिसळून बोलते आणि तिला चहा लागतो. 'आकागी' विमानवाहू होती, म्हणून ती धनुर्धारी आहे आणि तिने सोडलेल्या बाणांची विमानं होतात. पुढे २०१७ मध्ये चीनमधून 'अझुर लेन' हा याच जातीचा खेळ आला. त्यात ब्रिटिश आणि अमेरिकन जहाजंही आहेत. या दोन्ही खेळांतल्या पात्रांच्या मूर्ती, म्हणजे 'फिगर', जगभर जमवल्या जातात.

त्या घ्यायच्या तर आकिहाबारा. स्टेशनच्या 'इलेक्ट्रिक टाउन' दारातून बाहेर पडलं की समोरच रेडिओ काइकान ही उंच इमारत दिसते. महायुद्धानंतर या भागात रेडिओच्या सुट्या भागांचा बाजार भरायचा. नंतर टीव्ही आणि घरगुती उपकरणं आली, मग कॉम्प्युटर, आणि आता खेळ, मांगा आणि फिगर. गल्लीबोळांत आजही रेझिस्टर आणि वायरी विकणारे चिमुकले गाळे आहेत. इंजिनीअर माणसाचा एक तास तिथेच जातो.

रेडिओ काइकानमध्ये मजल्यामागून मजले काचेची कपाटं आहेत. एक प्रकार मला फार आवडला. कपाटातले छोटे चौकोन भाड्याने मिळतात आणि सामान्य माणसं आपल्या जुन्या फिगर किंमत लावून त्यात ठेवतात. प्रत्येक खोक्यावर चिठ्ठी असते: उघडलेलं की न उघडलेलं, कोपरा दबलाय का, एखादा भाग कमी आहे का. हिबिकी मला अशाच एका कपाटात मिळाली. ती 'नेंडोरॉइड' प्रकारातली होती, म्हणजे मोठं डोकं, छोटं अंग आणि एकूण उंची मुठीएवढी.

रात्री हॉटेलच्या खोलीत व्हिडिओ कॉल लावून खोकं उघडलं. भाच्याची तशी अटच होती. आत पारदर्शक प्लास्टिकचा ट्रे, आणि त्यात प्रत्येक भागाला त्याच्या मापाचा खळगा. चेहरे वेगळे, कारण पुढचे केस काढून चेहरा बदलता येतो. हात वेगळे, पाठीवरचा तोफांचा सांगाडा वेगळा. रंग एकमेकांना लागू नयेत म्हणून मध्ये पातळ प्लास्टिकचे तुकडे घातलेले असतात. ते काढायला विसरू नका. एखादा सांधा घट्ट असेल तर जोर लावू नका. तो भाग थोडा वेळ कोमट पाण्यात धरला की प्लास्टिक नरम होतं आणि सांधा अलगद बसतो.

आपल्या उद्यमबागेत ज्यांनी फाउंड्री किंवा डायचं काम पाहिलंय, त्यांना ही वस्तू हातात घेतल्यावर तिची किंमत कळेल. आधी शिल्पकार मूळ नमुना घडवतो. त्यावरून पोलादी साचे बनतात आणि साच्यात पीव्हीसी ओततात. साच्याचे दोन भाग जुळतात तिथे रेघ उमटतेच. चांगल्या फिगरमध्ये ती केसांच्या बटेत किंवा कपड्याच्या शिवणीत अशी लपवलेली असते की शोधावी लागते. डोळे छापलेले असतात. ते केसभर जरी सरकले तरी अख्खा चेहरा बिघडतो.

फोनवर मागून आईही बघत होती. ती म्हणाली, "एवढीशी पोर, आणि पाठीवर तोफा? कोण लादलंय हे तिच्यावर?"

भाचा हसला. मी मात्र त्या प्रश्नापाशी अडकलो.

जमवणाऱ्यांच्या मते फिगर घेणं हे अर्धंच काम, खरी मजा तिला 'पोझ' देण्यात आहे. दिवाळीत आपण किल्ला करतो तेव्हा हेच करतो. मावळा दरवाज्यात उभा करायचा की बुरुजावर, तोफेचं तोंड कुठे, महाराजांची नजर कुठे, यावर भावंडांत तास तास वाद होतात. जागा बदलली की गोष्ट बदलते. फिगरचंही तसंच. कंबर किंचित वळवली, एक खांदा खाली घेतला, नजर कॅमेऱ्यावरून काढून बाजूला नेली, की प्लास्टिकमध्ये जीव येतो. फोटो काढताना मोबाइल तिच्या डोळ्यांच्या उंचीवर धरायचा आणि उजेड खिडकीचा घ्यायचा, एवढं केलं तरी पुष्कळ. पण पोझ द्यायची म्हणजे ही कोण आणि हिचं काय झालं हे ठाऊक हवं. म्हणून त्या रात्री मी खऱ्या हिबिकीची माहिती वाचत बसलो.

हिबिकी ही सुमारे ११८ मीटर लांबीची विनाशिका. तिच्यासारख्याच आणखी तीन होत्या. अकात्सुकी म्हणजे पहाट, हिबिकी म्हणजे नाद, इकाझुची म्हणजे मेघगर्जना आणि इनाझुमा म्हणजे वीज. चार बहिणींना शोभतील अशी नावं. मार्च १९४२ मध्ये जावाच्या समुद्रात ब्रिटिश जहाजं बुडाली तेव्हा इकाझुची आणि इनाझुमा यांनी पाण्यात तरंगणारे शत्रूचे शेकडो खलाशी वर घेतले. खेळातली इनाझुमा शत्रूलाही वाचवायला बघते, त्याचं मूळ हे. अकात्सुकी १९४२ मध्ये बुडाली, बाकी दोघी १९४४ मध्ये. इनाझुमा बुडाली तेव्हा तिची माणसं पाण्यातून काढायला जवळ हिबिकीच होती.

मार्च १९४५ च्या अखेरीस हिबिकी पाण्यातल्या सुरुंगावर आदळली आणि दुरुस्तीसाठी तिला कुरेला नेलं. त्यामुळे 'यामातो' या महाकाय युद्धनौकेबरोबर ती निघू शकली नाही. ७ एप्रिलला यामातो बुडाली आणि तिच्यावरचे तीन हजारांहून अधिक लोक गेले. हिबिकी वाचली. युद्ध संपल्यावर तिच्या तोफा उतरवल्या आणि परदेशांत अडकलेल्या जपानी माणसांना घरी आणायच्या कामाला तिला लावलं. १९४७ मध्ये ती सोव्हिएत संघाच्या ताब्यात गेली आणि तिचं नाव 'व्हेर्नी' झालं. रशियनमध्ये त्याचा अर्थ विश्वासू. खेळातली हिबिकी मध्येच रशियन शब्द बोलते ते यामुळे.

कुरे पाहायचं तेव्हाच ठरलं. टोकियोहून हिरोशिमा शिनकानसेनने सुमारे चार तास. तिथून कुरेची लोकल पाऊण तासाची, आणि बराच वेळ डाव्या-उजव्या बोगद्यांमधून समुद्र डोकावत राहतो. चाहत्यांच्या अशा प्रवासाला जपानीत 'सेइची जुनरेइ' म्हणतात. पवित्र स्थळांची यात्रा, म्हणजे वारीच.

स्टेशनपासून पाच मिनिटांवर यामातो म्युझियम. मधल्या दालनात यामातोची एक दशांश प्रतिकृती आहे. एक दशांश असूनही ती २६.३ मीटर भरते. मूळ जहाज २६३ मीटरचं होतं आणि ते याच गावात बांधलं गेलं. कठड्यापाशी एक जपानी तरुण आपली फिगर काचेसारख्या पारदर्शक काडीवर उभी करून, मागे ते जहाज घेऊन फोटो काढत होता. मीही हिबिकी काढली. त्याने माझ्याकडे बघून मान झुकवली, मीही झुकवली. भाषा येत नसली तरी छंद पुरला.

पुढच्या दालनात मात्र खलाशांचे फोटो आहेत, घरी लिहिलेली शेवटची पत्रं आहेत, आणि माणसाने आत बसून शत्रूवर नेऊन आदळायचा 'काइतेन' हा टॉर्पेडो आहे. फोटोतले चेहरे आपल्या कॉलेजच्या ग्रुप फोटोतल्यासारखे वाटतात. तिथे मी हिबिकीला पिशवीतून काढलं नाही. कुणी मनाई केली नव्हती.

गावाच्या एका चढावर नागासाको पार्क आहे. १८९० पासूनची ही नौदलाची दफनभूमी. एकेका जहाजाचं वेगळं स्मारक आहे, यामातोचंही. खेळात नाव वाचताच ज्यांचे चेहरे आणि केसांचे रंग आठवतात, अशा जहाजांची नावं इथे दगडात कोरलेली आहेत. आईच्या प्रश्नाचं उत्तर मला तिथे मिळाल्यासारखं वाटलं. तोफा लादल्या होत्या त्या माणसांवर, आणि त्यांतली कित्येक वयाने पोरंच होती.

पण दुसरी बाजूही सांगायला हवी. खेळात शत्रू म्हणून समुद्रतळातून आलेली भुताळी जहाजं असतात. खऱ्या इतिहासात समोर माणसं होती, आणि त्यांत आपलीही होती. कानकोलेमध्ये 'र्‍युजो' नावाची एक ठेंगणी, गमतीदार बोलणारी मुलगी आहे. खऱ्या र्‍युजोवरून उडालेल्या विमानांनी ६ एप्रिल १९४२ रोजी विशाखापट्टणम आणि काकिनाडावर बॉम्ब टाकले. जपानने आशियात जे केलं ते मोठ्या डोळ्यांच्या बाहुलीत दिसत नाही. ते आपणच माहीत करून घ्यावं लागतं.

आता बेळगावचा धागा. जपान हरल्यावर तिथे राष्ट्रकुलाचं सैन्य गेलं आणि त्याचा मुख्य तळ कुरे होता. त्या सैन्यात थिमय्या यांच्या हाताखाली २६८ वी भारतीय ब्रिगेड होती आणि त्या ब्रिगेडमध्ये मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली पलटण होती, आपली जंगी पलटण. यामातो बुडाल्यानंतर दोनच दिवसांनी, ९ एप्रिल १९४५ ला, इटलीत सेनिओ नदीवर याच पलटणीच्या नामदेव जाधवांनी जखमी साथीदारांना वाचवत व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला होता. ती पलटण पुढे १९४६-४७ मध्ये पश्चिम जपानात होती. कॅम्पातून जाता-येता आपण मराठा सेंटरच्या भिंती बघतो. त्या भिंतींशी नातं असलेले जवान या डोंगरांच्या आणि खाडीच्या मुलखात राहून आले, हे मला कुरेच्या धक्क्यावर उभं राहिल्यावर जाणवलं.

बेळगावला आल्यावर हिबिकी भाच्याच्या हातात दिली, आणि तिच्याबरोबर ही सगळी गोष्टही. त्याने दोन दिवस वेगवेगळ्या पोझ करून पाहिल्या. आधी तोफ रोखलेली, मग धावणारी. शेवटी त्याने पाठीवरचा सांगाडा काढून खोक्यात ठेवला आणि तिला नुसती उभी केली, नजर थोडी बाजूला. मला म्हणाला, "मामा, ही माणसं घरी आणायला निघालीय, तेव्हाची." आई चष्मा लावून जवळ गेली, बघितलं आणि म्हणाली, "आता कशी मोकळी दिसते बघ."

तुमच्या घरात कुणी अशा फिगर जमवत असेल तर खर्चावरून बोलण्याआधी त्याला एकदा विचारा, "ही कुठलं जहाज?" बहुतेक पोरांना उत्तर येतं, आणि पुष्कळ येतं. आणि कधी हिरोशिमाला गेलात तर अर्धा दिवस कुरेसाठी राखा. म्युझियमसमोर खरी पाणबुडी जमिनीवर आणून ठेवलीय, तिच्या आत जाता येतं. दुपारी नौदलाच्या जहाजांवरची करी खा. ती जपानी आरमाराने इंग्रजांकडून घेतली आणि इंग्रजांनी आपल्याकडून. मग नागासाकोचा चढ चढा. फिगर बरोबर असेल तर तेवढा वेळ ती पिशवीत राहू द्या.