मीटर खोटं बोलतंय

इंदूरच्या रामबागेतल्या जुन्या लोकांना माझे बाबा ‘वायरमन काका’ म्हणूनच आठवतील. लहानपणी त्यांची पिशवी धरून मी मागे मागे फिरायचो.

एका घरी प्लगच्या दोन्ही भोकांत टेस्टर पेटत होता. घरची मंडळी घाबरलेली, “डबल करंट येतोय!” बाबा हसले. “डबल कुठला, न्यूट्रल सुटलाय कुठेतरी. चालू बल्बातून फिरून तोच करंट इकडे दिसतोय.” मग मला म्हणाले, “टेस्टर पेटला हे कुणालाही दिसतं रे. का पेटला ते शोध.”

पुढे मी पॉलिटेक्निकला इलेक्ट्रिकल शिकवलं. वर्गात बाबांचं हे वाक्य सांगून अपोलो १२ ची गोष्ट सांगायचो. १४ नोव्हेंबर १९६९, पावसातच यान उडालं आणि ३६ व्या सेकंदाला त्यावर वीज पडली, ५२ व्या सेकंदाला परत. तिन्ही फ्युएल सेल लाइनवरून सुटले, सगळा लोड बॅटऱ्यांवर, व्होल्टेज पडलं. ह्यूस्टनला पडद्यावर आकड्यांची नुसती खिचडी. जॉन ॲरन नावाच्या २६ वर्षांच्या पोराने वर्षभर आधी एका टेस्टमध्ये अशीच खिचडी पाहिली होती. त्याने ओळखलं की सेन्सरचे सिग्नल नीट करून पाठवणाऱ्या पेटीलाच व्होल्टेज पुरत नाहीये. तो म्हणाला, “एससीई टू ऑक्स.” यानाच्या कॅप्टनलाही ते बटण ठाऊक नव्हतं, ॲलन बीनला होतं. त्याने दाबलं, आकडे परत आले, फ्युएल सेल पुन्हा जोडले, आणि मंडळी चंद्रावर जाऊन आली. पोरं टाळ्या वाजवायची.

अपोलो १३ मात्र मी घाईत उरकायचो. १३ एप्रिल १९७० ला आकडे तसेच बिघडले, आणि सुरुवातीला ह्यूस्टनला वाटलं की इन्स्ट्रुमेंटचाच घोळ असेल. पण ऑक्सिजनची टाकी खरंच फुटली होती. तिच्या हीटरचा थर्मोस्टॅट २८ व्होल्टचा, उड्डाणाआधी जमिनीवर सप्लाय दिला ६५ चा. स्विच चिकटून बसला, आत वायरींचं इन्सुलेशन जळालं. आणि टाकीचं तापमान दाखवणारा काटा ८० फॅरनहाइटच्या आसपासच संपायचा! आत केवढं तापलंय हे कळणार कसं?

२०१९ मधली गोष्ट. बाबांना शुगर होती, इन्सुलिन चालू. सकाळी मीटरने ४१ दाखवलं. बाबा तर पोह्यांवर जिरावण कमी म्हणून आईशी हुज्जत घालत बसलेले. मी म्हटलं, “सेल उतरलेत, मीटर खोटं बोलतंय.” दुसऱ्या बोटाचं घेतलं, ३८. तरी मी चपला घालून सेल आणायला निघालो. त्यांचा सदरा पाठीवर ओला झालेला मला दिसला होता. गरमी असेल, असं वाटलं. आई म्हणत होती, “अरे, आधी साखर तरी दे त्यांना.” मी म्हटलं, “आलोच.”

परत आलो तेव्हा बाबा खुर्चीतून खाली घसरलेले, आई त्यांचं डोकं मांडीवर घेऊन ओरडत होती. शेजारच्यांनी गाडी काढली. सलाइनमधून ग्लुकोज गेलं तसे अर्ध्या तासात बोलायला लागले. आईने त्यांना सगळं सांगितलं. मला वाटलं आता रागावतील. त्यांनी नुसतं विचारलं, “किती दाखवलं होतं?” मी आकडे सांगितले. ते मान हलवून छताकडे बघत राहिले.

त्यानंतर ते तीन वर्षं होते. त्या दिवशी आणलेले सेल पाकिटातच राहिले. मीटर जुन्याच सेलवर पुढे चार महिने चाललं.