दुखणं पायाचं, उघडायची पाठ

लासलगावच्या बाजारात कांद्याची गोणी पाठीवर घेणारा हमाल, दिंडोरीच्या द्राक्षबागेत छाटणीच्या दिवसांत मान वर करून कात्री चालवणारी बाई, मुंबई-आग्रा महामार्गावर रात्री काढणारा ट्रकचालक, अंबडच्या कारखान्यात यंत्रापुढे वाकून उभा राहणारा कामगार. नाशिकच्या स्पाइन सर्जनच्या ओपीडीत ही माणसं एकाच बाकावर बसतात. मांडीवर एमआरआयची मोठी पिशवी असते आणि निदान बहुधा घरीच झालेलं असतं. गादी सरकलीय, मणक्यात गॅप आलाय, शीर दबलीय. प्रश्नही ठरलेला: "डॉक्टर, ऑपरेशन करावंच लागेल का?"

जाणता सर्जन पिशवी लगेच उघडत नाही. आधी चालायला लावतो. टाचांवर, मग चवड्यांवर. पायाचा अंगठा वर खेचायला सांगतो आणि आपल्या बोटाने तो खाली दाबून बघतो. अंगठा ढिला पडला तर संशय कमरेच्या पाचव्या नसेवर. चवड्यावर उभं राहता येईना, घोट्यामागे हातोडी मारूनही पाऊल हलेना, तर तिच्या खालची. मग उताणं झोपवून सरळ पाय हळूहळू उचलायचा. तीस ते सत्तर अंशांच्या दरम्यान कळ गुडघ्याखाली सणसणत गेली, तर नस अडकली आहे असं मानायला आधार मिळतो. नुसती कंबर दुखली, तर तेवढा आधार मिळत नाही.

एवढी खातरजमा हवीच, कारण एमआरआय गरजेपेक्षा जास्त दाखवतो. पाठीची काहीच तक्रार नसलेल्या ३,११० माणसांच्या तपासण्यांचा एकत्र आढावा २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यात विशीतल्या ३७ टक्के लोकांच्या गाद्या झिजलेल्या दिसल्या, ऐंशीतल्या ९६ टक्क्यांच्या. फुगलेली गादी विशीतल्या ३० टक्क्यांत होती. म्हणजे फिल्मवर काळी पडलेली प्रत्येक गादी म्हणजे आजार नव्हे. रुग्ण बोट ठेवतो ती जागा, तपासणीत सापडलेली नस आणि फिल्मवरचा दाब, या तिन्हींचा मेळ बसला तरच सुरीचा विचार करावा. हा मेळ न बघता केलेलं ऑपरेशन कितीही सफाईने केलं तरी फसतं.

हे शास्त्र फार जुनं नाही. पाय आखडवणारी ही कळ सरकलेल्या गादीमुळे येते, हे अमेरिकेत बोस्टनच्या मिक्स्टर आणि बार यांनी १९३४ साली मांडलं. त्याआधी मणक्याच्या नळीत सापडलेले तेच तुकडे कूर्चेच्या गाठी म्हणून काढले जात. १९७७ मध्ये याशरगिल आणि कास्पर यांनी सूक्ष्मदर्शकाखाली गादी काढण्याची पद्धत मांडली आणि जखम लहान झाली. हमालाच्या पाठीवर हा फरक फार मोठा आहे, कारण जितके स्नायू कमी सोलले जातील तितका तो लवकर उठतो.

ऑपरेशनच्या टेबलावर रुग्ण पालथा असतो, पोट मोकळं ठेवलेलं, म्हणजे नळीतल्या शिरा फुगत नाहीत. सी-आर्म या एक्स-रे यंत्रावर मणका मोजून पक्का करतात. चुकीच्या पातळीवर शिरणं हा या कामातला अक्षम्य प्रमाद, म्हणून पुन्हा मोजतात. दोन-तीन सेंटिमीटरचा छेद, स्नायू बाजूला, हाडाची कड ड्रिलने थोडी झिजवायची, मग पिवळसर जाड पडदा कापायचा. खाली नस दिसते. निरोगी नस हलकेच सरकते. दबलेली लाल, सुजलेली, ताठ असते. बोथट हुकाने ती अलगद बाजूला घेतली की तिच्या पोटाखालून ओल्या खोबऱ्याच्या कापासारखा पांढरा तुकडा बाहेर येतो. तो चिमट्यात आला की नस पुन्हा हलू लागते. इथे थांबायला शिकणं कठीण. उरलेली गादी खरवडून काढण्याचा मोह होतो, पण ती मणक्यांमधली उशी आहे. सैल तुकडे काढायचे, घट्ट असेल ते ठेवायचं.

दुर्बिणीचा मार्ग वेगळा. कमरेच्या बाजूने, पार्विझ काम्बिन यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्रिकोणातून, पेनाएवढी नळी आत जाते. हे काम बधिरीकरणाच्या इंजेक्शनखाली होऊ शकतं, रुग्ण जागा असतो. "बाबा, पायात काही जाणवतंय का?" "हो, करंगळीपर्यंत मुंग्या गेल्या." त्या उत्तरावर सर्जन हात मागे घेतो. २०२२ मध्ये ६१३ रुग्णांवरच्या डच अभ्यासात पायाच्या कळेच्या बाबतीत ही पद्धत उघड्या शस्त्रक्रियेपेक्षा कमी पडली नाही.

वयस्कर माणसाची गोष्ट निराळी. पंचवटीतला एखादा आजोबा सायकल चालवतो, पण बाजारापर्यंत चालताना दोनदा बसतो. पुढे वाकलं की नळी थोडी रुंद होते, ताठ झालं की अरुंद. डच सर्जन फेरबीस्ट यांनी १९५४ साली या अरुंद नळीचं वर्णन केलं. इथे हाडाची आतली बाजू आणि जाडावलेला पडदा काढून नसांना जागा करून देतात. स्क्रू-रॉड बसवायचे की नाहीत, याबाबत जास्त काळजी घ्यायला हवी. स्वीडनमध्ये २४७ आणि नॉर्वेत मणका पुढे सरकलेल्या २६७ रुग्णांवर झालेल्या चाचण्यांत नुसतं जागा करणंही बऱ्याचदा पुरेसं ठरलं. स्क्रूचं बिल मोठं, परिणाम कायमचा. म्हणून तो सवयीने नव्हे, कारण दाखवून बसवावा. दाब मानेत असेल, तर स्मिथ आणि रॉबिन्सन यांनी रुळवलेला पुढून जायचा रस्ता आहे. त्या दाबाने हातातली बांगडी सावरेना, बटण लागेना, असं झालं तर फार वाट पाहू नये.

बाकीच्यांनी वाट बघावी का? नेदरलँड्समधल्या २८३ रुग्णांवरच्या, २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हे पाहिलं गेलं. पायात सहा ते बारा आठवडे तीव्र कळ असलेले काही लवकर ऑपरेशनला घेतले, काहींना थांबवलं. थांबलेल्यांपैकी ३९ टक्क्यांना पुढे ऑपरेशन लागलंच, पण वर्षअखेर दोन्ही गटांतले ९५ टक्के बरे झाले होते. ऑपरेशनने कळ लवकर जाते, हे मात्र खरं. रोजंदारीवर जगणाऱ्याला हा 'लवकर' फार मोलाचा असतो, आणि तो निर्णय त्याच्या घरच्यांसोबत बसूनच व्हावा. लघवी अडली, बसायची जागा बधिर झाली, दोन्ही पाय लुळे पडू लागले, तर मात्र त्याच दिवशी, शक्य तितक्या कमी तासांत, दाब काढावा लागतो.

गावाकडे ही निवड करून द्यायला कुणी नसतं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेत मुंबईच्या 'स्पाइन फाउंडेशन'चे डॉ. शेखर भोजराज आणि सहकारी जाऊन मणक्याचे रुग्ण तपासतात, शस्त्रक्रियाही करतात. निफाड, सुरगाणा, पेठ इकडेही असं काम वाढायला हवं.

रुग्ण ऑपरेशनहून उठला की पायाची कळ बहुधा गेलेली असते. बधिरपणा मागे राहतो, अंगठ्याचं बळ परतायला महिने लागतात. हमाल विचारतो, "गोणी कधी उचलू?" काढलेल्या जागीच गादी पुन्हा सरकण्याचं प्रमाण साधारण ५ ते १५ टक्के आहे, म्हणून तारीख सांगून मोकळं होता येत नाही. सहा आठवड्यांच्या तपासणीला त्याच्या टोळीच्या मुकादमालाही सोबत बोलवावं आणि काट्यावर तोलाईचं काम काही महिने मिळेल का, हे तिथेच विचारून घ्यावं.