स्प्लेंडरचं ॲव्हरेज ४२ वर का आलं?

आज उसाचं नाही, गाडीचं लिहितोय. तसा ऊस मध्ये येतोच.

आबांनी २००४ साली घेतलेली हिरो होंडा स्प्लेंडर. रोज पहाटे दोन किटल्या अडकवून कोरेगाव ते सातारा, येऊन-जाऊन ४० किलोमीटरच्या आसपास. ॲव्हरेज साठच्या खाली कधी आलं नव्हतं. दिवाळीनंतर मात्र पेट्रोल पुरेना. टाकी काठोकाठ भरली, मीटरचा आकडा वहीत लिहिला, परत त्याच पंपावर काठोकाठ भरली. सहा लिटरला २५२ किलोमीटर, म्हणजे ४२. महिन्याला आठ-साडेआठ लिटर जादा. नऊशे रुपये झाले की! पेंडीचं निम्मं पोतं.

पारावर सगळ्यांचं एकच निदान, "पेट्रोलात इथेनॉल हाय, जुन्या गाड्या आता भंगारात." एकानं लगेच पंधरा हजाराला मागितलीसुद्धा. मी जवळजवळ देणारच होतो.

पण हिशोब बसेना. इथेनॉलची ताकद लिटरमागं पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी. वीस टक्के मिसळलं तर सहा-सात टक्क्यांचा फरक. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात तर जुन्या दुचाकींसाठी ३ ते ४ टक्केच धरलेत. म्हणजे साठाचे ५६ होतील, ४२ कसे? आपल्याच उसाच्या मळीला किती शिव्या घालायच्या!

रात्री कार्ब्युरेटरखाली पुठ्ठा ठेवला. सकाळी कोरडा, म्हणजे गळती नाही. प्लग काढला तर काजळीनं काळाकुट्ट. एअर फिल्टर उघडला, ऊसवाहतुकीच्या रस्त्याचा फुफाटा त्यात गच्च बसलेला. हवा कमी, पेट्रोल जास्त. फिल्टर नवा टाकला, प्लग घासला, मागच्या चाकात हवा भरली. पुन्हा टाकी मोजली, ४८. प्लग आता तपकिरी, पण दहा-बारा किलोमीटर अजून कुठंतरी मुरत होते. मिस्त्री म्हणाला, कार्ब्युरेटरच बदला.

आबा बाजेवरनं बघत होते. "मागचं चाक हातानं फिरवून बघितलंस का?"

डबल स्टँडवर घेतली, न्यूट्रल केली, चाकाला झोका दिला. अर्धा फेरा फिरून थांबलं. ड्रमवर पाण्याचे थेंब टाकले तर चर्र! ब्रेक धरत होता. पावसाळ्यात भरल्या किटल्यांनी उतारावर भीती वाटायची म्हणून ब्रेकच्या दांडीचा नट मीच आवळला होता. वर गोठ्यातल्या चिखलानं आतला कॅम सुकलेला. म्हणजे चार महिने मी ब्रेक लावूनच दूध घालत होतो.

ड्रम खोलून साफ केला, कॅमला बोटभर ग्रीस लावलं, लायनरला लागू दिलं नाही. पॅडलला इंचभर मोकळीक ठेवली. परवा मोजलं, ५८.

पंधरा हजारवाल्याला गाडी द्यायची नाही म्हणून सांगितलंय. नट कुणी आवळला होता, ते पारावर अजून सांगितलेलं नाही.