मुरूडच्या वाडीतला चर

मुरूडला लोक जंजिरा बघायला जातात. राजपुरीहून शिडाच्या होडीत बसायचे, तोफा बघायच्या, परतायचे. दिवाळीच्या सुटीत आम्हीही तेच केले. मुक्काम मात्र नात्यातल्या एका चाचांच्या वाडीत होता, आणि मुलांना किल्ल्यापेक्षा वाडीच जास्त आठवते.

नारळ-पोफळीच्या गर्द सावलीत एका माडाभोवती गोल चर खणलेला होता, दोन फूट खोल. माडाच्या खालच्या झावळ्या पिवळ्या पडून खोडाला लोंबत होत्या. बुंध्याशी अळंबी आली होती, लाकडासारखी कडक, वरून चकचकीत तपकिरी, कडेला पांढरी.

"हा गेला," चाचा म्हणाले. "आता शेजारचे वाचवायचे."

ही गॅनोडर्मा बुरशी. जमिनीतून मुळांत, मुळांतून खोडात शिरते आणि आतून कुजवत जाते. अळंबी बाहेर दिसते तोवर आतले काम बहुतेक उरकलेले असते. तंजावरकडे या रोगाने इतके माड गेले की त्याला 'तंजावर मर' असेच नाव पडले. शेजारच्या मुळांना मुळे भिडली की बुरशी पुढे सरकते, म्हणून तो चर.

"आंब्याची फांदी तोडली तरी आंबा जगतो, मग माड का नाही?" धाकट्याने विचारले. (वर्गात असे प्रश्न क्वचितच येतात!)

अमेरिकेच्या वनखात्यातले अ‍ॅलेक्स शायगो यांनी हजारो झाडे करवतीने चिरून दाखवले, की झाडाची जखम आपल्या कातडीसारखी भरत नाही, ती कोंडली जाते. झाड पाण्याच्या नळ्या बुजवते, भोवतीच्या पेशींत बुरशीला न मानवणारे पदार्थ भरते आणि बाहेरून नव्या लाकडाचा थर चढवते. आंब्याला हे जमते. माडाच्या खोडाला असा थर चढवताच येत नाही. चढण्यासाठी कधीकाळी पाडलेल्या खाचा चाचांच्या जुन्या माडांवर अजून जशाच्या तशा आहेत. अशा जखमांतून दुसरी एक बुरशी शिरते आणि खोडातून तांबूस रस गळू लागतो. चाचा आता खाचा पाडू देत नाहीत, नारळ उतरवायला शिडी लावतात.

माडावर अजून नारळ होते. "एवढे उतरेपर्यंत तरी थांबा," चाची म्हणत होत्या. चाचा ऐकेनात. असरनंतर माणसे आली, माड पाडला, बुंधा मुळांसकट उपटून जाळला. खड्ड्यात निंबोळी पेंड आणि ट्रायकोडर्मा पडला. तीही बुरशीच, पण गॅनोडर्माशी लढणारी. नारळ मात्र चाचींनी मोजून घेतले, अकरा भरले.