व्हाइट सरळ परत आला पाहिजे!

शनिवारची संध्याकाळ. एफसी रोडवर गाडी लावायला जागा नाही, कॅफेत वेटिंग, मल्टिप्लेक्सला तोच तो पिक्चर... वीकेन्डचे सगळे प्लॅन संपलेत? मग या वेळी जरा खाली उतरा. म्हणजे अक्षरशः खाली! कर्वे रोडवरून आत वळणाऱ्या एका गल्लीत तळमजल्यावर झेरॉक्सचं दुकान आहे, वरच्या मजल्यावर अकाउंट्सचे क्लासेस आणि या दोघांच्या पोटात, चौदा पायऱ्या उतरून गेलात की एक स्नूकर पार्लर. बाहेरच्या पाटीवरची दोन अक्षरं कधीच गळून पडलीत. रोजच्या मंडळींना पाटी लागत नाही.

खाली मोबाइलला रेंज नाही, हा पहिला फायदा. बॉसचा फोन लागत नाही. डोळे सरावले की आधी दिसतात ती हिरवी टेबलं. प्रत्येकावर लांबच लांब शेड, त्याखाली स्वच्छ पांढरा उजेड आणि बाकी सगळा अंधार. भिंतीला टेकून उभी असलेली माणसं सावल्यांसारखी. बोलणं हळू आवाजात. चेंडूवर चेंडू आपटल्याचा 'टक्' तेवढा मोठ्यानं ऐकू येतो. एकेकाळी इथं सिगरेटचा धूर इतका असायचा, की पलीकडचं टेबल दिसायचं नाही, असं जुने लोक सांगतात. २००८ मध्ये सार्वजनिक ठिकाणच्या धूम्रपानावर बंदी आली आणि हवा बदलली. बदनामी मात्र तशीच चिकटून राहिली. 'पार्लरला जातो' म्हटलं की अजूनही घरात भुवया वर जातात. आणि 'जाते' म्हटलं तर विचारूच नका! पहिल्या दिवशी मी पायऱ्या उतरले तेव्हा अख्ख्या बेसमेंटमध्ये मी एकटीच मुलगी होते. एकानं अदबीनं विचारलंही, "मॅडम, कुणाला शोधताय?"

आधी थोडी ओळख

पूल आणि स्नूकर यात गोंधळ करू नका, इथली मंडळी दुखावतात. पूलचं टेबल छोटं, खिसे मोठे, मजा पटकन. स्नूकरचं टेबल बारा फूट बाय सहा फूट. हिरव्या कापडाखाली चक्क पाषाण असतो. स्लेटच्या पाच लाद्या! त्यामुळे टेबलाचं वजन टनाच्या वर जातं. म्हणूनच बहुतेक पार्लरं तळघरात किंवा तळमजल्यावर सापडतात. चेंडू बावीस. एक पांढरा, पंधरा लाल आणि सहा रंगीत. लाल घातला की एक गुण, मग एक रंगीत, मग पुन्हा लाल. रंगीतांमध्ये पिवळ्याला दोन, हिरव्याला तीन, ब्राऊनला चार, निळ्याला पाच, गुलाबीला सहा आणि काळ्याला सात. पंधराही लालांबरोबर दर वेळी काळाच घातला तर १२०, वर सगळे रंग ओळीनं घातले की आणखी २७. झाले १४७. हा इथला एव्हरेस्ट. बहुतेकांचं आयुष्य तीस-चाळिसाच्या टेकडीवरच जातं आणि ते आनंदात जातं.

आता एक खास पुणेरी जनरल नॉलेज. कोलकात्यात १९५८ साली जागतिक हौशी बिलियर्ड्स स्पर्धा जिंकून भारताला पहिला वैयक्तिक जगज्जेता मिळवून देणारे विल्सन जोन्स जन्मले कुठं? पुण्यात, १९२२ साली. चीनमध्ये २००३ साली, अवघ्या अठराव्या वर्षी जागतिक हौशी स्नूकर स्पर्धा जिंकणारा पंकज अडवाणी? त्याचाही जन्म पुण्याचाच, १९८५ चा. मात्र जोन्स नावारूपाला आले मुंबईत. सीसीआयच्या बिलियर्ड्स हॉलला आज त्यांचंच नाव आहे. पंकज घडला बेंगळुरूत. जन्म पुण्यात आणि नाव दुसरीकडे, हे आपल्या शहराला नवीन नाही म्हणा!

सात ते अकरा

मी ज्याच्यासाठी या बेसमेंटमध्ये पुन्हा पुन्हा गेले, तो आहे इथला मार्कर. वय वीस. नाव छापायचं नाही, ही त्याची अट. मार्कर म्हणजे गुण मांडणारा, चेंडू लावणारा, क्यू पुसणारा, चहा सांगणारा आणि जोडीदार आला नाही तर तुमच्याशी फ्रेम खेळणारा. राहतो वारज्याला. वडील शाळेच्या मुलांची व्हॅन चालवतात. मुक्त विद्यापीठातून बी.कॉम. चालू आहे. अकरा वाजता गिऱ्हाईक सुरू होतं. त्याआधी सात ते अकरा तीन नंबरचं टेबल त्याचं, फुकट. एसी लावायचा नाही आणि शेड एकच पेटवायची, एवढ्या दोन अटी शेठनी घातल्यात. तासाला अडीचशे रुपये मोजून रोज चार तास सराव करणं त्याला या जन्मात परवडलं नसतं.

मी साडेसातला पोहोचले तेव्हा तो टेबलाला इस्त्री करत होता. हो, इस्त्री! कापडाला लव असते. आधी ब्रश, मग कोमट इस्त्री आणि तीही एकाच दिशेनं, 'डी'कडून काळ्या चेंडूच्या बाजूला. उलटी फिरवली की लव विस्कटते आणि हळू जाणारा चेंडू भलतीकडे वळतो. "ताई, जीन्सचं बटण टेबलाला लावू नका हं," तो म्हणाला. तुम्ही गेलात तर हेही लक्षात ठेवा : खडू टेबलावर धरून घासायचा नाही, ग्लास काठावर ठेवायचा नाही आणि कुणी वाकलेला असताना त्याच्या समोर हलायचं नाही.

मला वाटलं होतं, आता धडाधड चेंडू खिशात जाताना बघायला मिळणार. कसलं काय! त्यानं टेबलावर फक्त पांढरा ठेवला, ब्राऊनच्या जागेवर. वाकला. हनुवटी क्यूला टेकवली. पांढरा सरळ निघाला, निळ्याची, गुलाबीची, काळ्याची जागा ओलांडत पलीकडच्या कुशनला लागला आणि परत आला. क्यूच्या टोकापासून चार बोटं उजवीकडे. पुन्हा. तीन बोटं उजवीकडे. पुन्हा. तासभर हेच!

"व्हाइट सरळ परत आला पाहिजे," तो म्हणाला. "तिरका आला म्हणजे मी त्याला नकळत साइड दिली. मला वाटतं मधोमध मारला, पण हात खोटं बोलतो. टेबल नाही बोलत."

हा धडा देणारे काका दर मंगळवारी येतात. रिटायर्ड बँकवाले. चाळीस वर्षं जिमखान्यात खेळलेत. पैसे घेत नाहीत, चहा घेतात. त्यांचं निदान साधं होतं : पोरगा मारता मारता उठतो. चेंडू खिशात जातोय का, हे बघायची घाई. खांदा हलतो, क्यू वळतो. जवळचे चेंडू तरीही जातात, कारण नजर चांगली आहे. लांबचे चुकतात. "नजरेवर तू पन्नासपर्यंत जाशील बाळा," काकांनी त्याला सांगितलं. "पुढं जायचं तर क्यू सरळ चालला पाहिजे. सगळं मोडून पहिल्यापासून बांधावं लागेल. बोल, आहे तयारी?"

पावसात जन्मलेला गेम

हा गेम विलायती वाटतो ना? पण त्याचा जन्म आपल्याकडचा. १८७५ च्या सुमाराचा, जबलपूरचा. नेव्हिल चेंबरलेन नावाचा तरुण ब्रिटिश लष्करी अधिकारी (नंतरचे पंतप्रधान वेगळे) आणि त्याचे मित्र पावसाळ्यात मेसमध्ये अडकून पडायचे. बिलियर्ड्सच्या टेबलावर 'ब्लॅक पूल' खेळून कंटाळले म्हणून त्यांनी आणखी रंगीत चेंडू वाढवले. एकाचा सोपा चेंडू चुकला तेव्हा चेंबरलेननं त्याला 'स्नूकर' म्हणून चिडवलं. वूलिचच्या लष्करी अकादमीत नव्या पोरांना असं म्हणत. तेच नाव चिकटलं. पुढे नियम पक्के झाले उटीच्या क्लबात. खुद्द चेंबरलेननं १९३८ मध्ये ही हकिगत लिहून कळवली.

गंमत बघा, पावसानं जन्माला घातलेल्या या गेमचा आपल्याकडे सगळ्यात मोठा शत्रू पाऊसच! जुलैत बेसमेंटच्या भिंतींना ओल येते. कापड दमट होतं, चेंडू जड चालतात आणि मेमध्ये ज्या ताकदीनं पांढरा बरोबर जागेवर थांबायचा, त्याच ताकदीनं आता हातभर मागं राहतो. परदेशात मोठ्या स्पर्धांच्या टेबलाखाली हीटर असतात. इथं आहे इस्त्री. जून ते सप्टेंबर तो सकाळी दोनदा इस्त्री करतो.

'फॉर्म गेला का रे?'

पार्लरचा एक जुना नियम आहे, 'लूझर पे'. हरेल त्यानं टेबलाचे पैसे भरायचे. मार्कर गिऱ्हाइकाशी खेळून हरला तर निम्मे पैसे त्याच्या पगारातून कापले जातात. वर्षभरापूर्वी ही अडचण नव्हती. आयटीतल्या दादा लोकांना तो तीस गुणांचा स्टार्ट द्यायचा आणि तरी जिंकायचा. वर नाश्ता मिळायचा, टिप मिळायची. प्रॅक्टिसमध्ये त्याचा सगळ्यात मोठा ब्रेक ८४ चा.

एप्रिलमध्ये काकांनी त्याचा स्टान्स बदलला. पाय कुठं, कोपर कुठं, शेवटी किती क्षण खाली राहायचं... सगळं. मे महिन्यात तो स्टार्ट न देताही हरू लागला. जूनमध्ये एका आठवड्यात सलग पाच फ्रेम गेल्या. ज्यांना तो खेळवायचा तेच पाठीवर थाप मारून विचारू लागले, "काय रे, फॉर्म गेला का?" पगाराचं पाकीट पातळ झालं. घरी आईनं विचारलं तेव्हा, या महिन्यात गिऱ्हाईक कमी होतं, असं सांगून त्यानं वेळ मारून नेली.

"जुन्या पद्धतीनं खेळून दोन फ्रेम मारून घ्याव्यात, असं वाटत नाही?" मी विचारलं.

"रोज वाटतं, ताई. संध्याकाळी सात वाजता तर फार वाटतं." मग जरा थांबून म्हणाला, "पण दोन्ही हात एकत्र नाही ठेवता येत. एक विसरल्याशिवाय दुसरा बसत नाही."

मला एकदम आमच्याच पिढीची आठवण झाली. नोकरी सोडून पुन्हा शिकायला जाणारे, फील्ड बदलून तिशीत ट्रेनी होणारे आपले मित्र. काल ज्यात उस्ताद होतो त्यात आज नवशिका व्हायचं, तेही ओळखीच्या लोकांसमोर. फरक एवढाच, की आपल्याकडे थोडं सेव्हिंग असतं.

त्याच्याकडे आहे मार्चपर्यंतची मुदत. चाकणच्या एका कंपनीत भावजींनी शब्द टाकलाय. मार्चनंतर तिथं रुजू व्हायचं, असं वडिलांशी ठरलंय. वडील वाईट नाहीत, हिशेबी आहेत. आणि हिशेब त्यांच्या बाजूनं आहे. हा गेम ऑलिंपिकमध्ये नाही. एशियन गेम्समध्ये १९९८ ते २०१० होता, पंकजनं २००६ आणि २०१० मध्ये बिलियर्ड्सची सुवर्णंही आणली. पण २०१४, २०१८ आणि २०२३ च्या स्पर्धांत क्यू स्पोर्ट्स नव्हते. ओएनजीसी, बीपीसीएलसारख्या तेल कंपन्यांनी चांगल्या खेळाडूंना नोकऱ्या दिल्यात, पण त्या देशातल्या वरच्या मोजक्यांना. प्रोफेशनल व्हायचं तर मुक्काम बहुतेक वेळा इंग्लंडातच हलवावा लागतो. मुंबईचा आदित्य मेहता त्याच वाटेनं गेला आणि २०१३ च्या इंडियन ओपनमध्ये रँकिंग स्पर्धेची फायनल गाठणारा पहिला भारतीय ठरला.

"माझं एवढं मोठं नाही," तो म्हणतो. "मला शंभरचा ब्रेक मारायचाय. मॅचमध्ये. स्कोअरशीटवर लिहिलेला."

पाच फ्रेमची मॅच

ऑगस्टच्या शेवटी एका जिमखान्याची ओपन स्पर्धा होती. इस्त्रीचा शर्ट, उसना काळा वेस्टकोट आणि शेठनी भरलेली एन्ट्री फी. हो, शेठनी! वर एसी हॉल, पॉलिश केलेलं लाकूड, बटाटावडासुद्धा प्लेटमध्ये काटा-चमच्यासह. आमच्या बेसमेंटपासून रिक्षानं पंधरा मिनिटांचं अंतर. पण त्या दारातून तो पहिल्यांदाच आत जात होता. काकांनी कानात सांगितलं, "टेबल तेवढंच आहे रे. बारा बाय सहा."

पहिली मॅच त्यानं ३-० अशी घेतली. दुसरी मुंबईच्या एका मुलाशी. २-२. शेवटच्या फ्रेममध्ये एक लाल पार पलीकडच्या कोपऱ्यात होता, टेबलाच्या अख्ख्या लांबीचा शॉट. तो वाकला, मारला आणि खालीच राहिला. चेंडू खिशात पडल्याचा आवाज आला तरी डोकं वर आलं नाही. खुर्चीत काकांनी डोळे मिटून घेतले होते, ते उघडले. त्या लालापासून त्यानं ५२ चा ब्रेक केला. मग एक सोपा हिरवा खिशाच्या जबड्यात हलला आणि बाहेरच राहिला. समोरच्यानं बाकीचं टेबल साफ केलं. ३-२. संपलं.

परतताना मी विचारलं, "वाईट वाटतंय?"

"हिरव्याचं वाटतंय. सोपा होता." आणि मग हसून, "पण ताई, तो लांबचा लाल बघितलात ना?"

सोमवारी सकाळी सातला तीन नंबरची शेड पेटली होती. त्यानं भिंतीवर कागद चिकटवलाय. रोजच्या शंभर शॉट्सपैकी पांढरा किती वेळा क्यूच्या टोकाला येऊन टेकला, त्याचे आकडे. मेमध्ये २९. त्या सोमवारी ६४.

नोव्हेंबर २०२५ मध्ये दोह्याला चेन्नईच्या अनुपमा रामचंद्रननं महिलांचं जागतिक स्नूकर विजेतेपद जिंकलं, तेव्हापासून त्या बेसमेंटमध्ये शनिवारी दोन मुलीही येऊ लागल्यात. चहा तेव्हा तोच सांगतो. तुम्हीही जा. ग्रुप घेऊन जा, तासभर घालवा, मजा येईल. पण तिथला मार्कर तुमच्याशी खेळताना हरला तर निम्मं बिल त्याच्या नावावर टाकू देऊ नका. आणि त्याला 'फॉर्म गेला का रे?' असं तर अजिबात विचारू नका. मार्चला अजून थोडा वेळ आहे.